यारोशचं आढं

ओढ्याकाठच्या शाळेला लोक प्रुइटची शाळा म्हणत, पण तिच्या डोक्यावरचं आढं यारोशचं होतं. भिंतींचं काही नाही, भिंती मातीच्या. नांगरानं गवताच्या मुळांसकट ढेपा काढायच्या, गवताची बाजू खाली करून एकावर एक रचायच्या, आठवड्यात भिंत उभी. माती नेब्रास्काच्या माळावर बख्खळ. नव्हतं ते लाकूड. चहूकडं नजर फिरवा, झाड म्हणून दिसायचं नाही. दोन दिवसांच्या वाटेवर एका घळीत देवदार होते, आणि तिथून एक सरळ वासा ओढून आणायचा तर बैलांची हाडं खिळखिळी व्हायची. म्हणून त्या मुलखात बिऱ्हाड हलवताना माणसं भिंती खुशाल टाकून जात आणि आढं, दार, खिडकी तेवढी गाडीत घालून नेत.

मातेय यारोश जातीचा सुतार. बोहेमियातून आला तो हत्यारांची पेटी उशाशी घेऊन. त्यानं घर दोन खोल्यांचं काढलं आणि घळीतून दोन आढी आणली. एक चढवलं. दुसरं अंगणात होतं, तोवर शाळेचा विषय निघाला. शाळेचा कारभारी एलायस प्रुइट सगळ्यांच्या देखत म्हणाला, "यारोश, तुझं हे आढं उसनं दे. शाळेचं लाकूड आलं की तुझं तुला परत." मातेयनं दिलं. नुसतं दिलं नाही, स्वतः चढवून दिलं. चढवण्याआधी पटाशीनं बुडाशी एक छोटा रंधा कोरला, आपली खूण म्हणून.

दोन वर्षं झाली. शाळेचं लाकूड काही आलं नाही. यारोशच्या घराची दुसरी खोली चार भिंती आणि वर आभाळ अशीच राहिली. तिसऱ्या वर्षी वसंतात मातेय तापानं गेला. मागं बायको लुदमिला, नऊ वर्षांची अनेश्का, आणि एक बैल.

त्या उन्हाळ्यात टोळ आले आणि मका दांड्यासकट खाऊन गेले. नोव्हेंबर लागला तसा शाळेच्या जळणाचा नियम डोक्यावर येऊन बसला. एका लेकरामागं एक गाडी जळण, काठोकाठ. ज्याची गाडी आली त्याचं लेकरू चुलीपाशी, ज्याची नाही त्याचं दाराजवळच्या बाकावर. हा नियम प्रुइटनं केला होता आणि प्रुइटलाच तो फार आवडायचा.

मकाच नाही तर जाळायला बुरकुंडं कुठली? लुदमिला आणि अनेश्का माळावर रानशेण्या वेचत हिंडल्या. ढोरांच्या वाटेवरच्या चांगल्या शेण्या ज्यांच्याकडं जोडी बैल होते त्यांनी आधीच उचललेल्या. या दोघी ओढ्यापलीकडं जात, वाऱ्यात पाठ वाकवून झग्याच्या ओच्यात भरून आणत. लुदमिलाच्या बोटांना भेगा पडल्या, भेगांत शेणाची धूळ बसली. एका बैलानं गाडी हलेना, म्हणून तिनं मातेयची ढकलगाडी काढली आणि पाच खेपा शाळेपुढं नेऊन टाकल्या.

प्रुइटनं काठी त्या ढिगात खुपसली. काठी अर्ध्यावर जमिनीला टेकली.

"एवढंच, यारोशबाई?"

"नवरा गेला. बैल एक," लुदमिला तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली. "राहिलं ते आणते. हळूहळू."

"आणा की. आणाल त्या दिवशी पोर चुलीपाशी बसेल. तोवर दाराशी."

"लहान आहे. बूट फाटके."

"अहो, मग बूट शिवा. त्याला कारभारी कशाला लागतो?" जळण उतरवायला आलेल्या बाप्यांकडं वळून तो म्हणाला, "हिला आज सोडलं तर उद्या तुम्ही सगळे मला अर्ध्या गाड्या दाखवाल. माझी कोरा पुढं बसते ती माझी लेक म्हणून नाही, तिची गाडी आली म्हणून. नियम म्हणजे नियम. आणि बाईंना इंग्रजीत कळलं नसेल तर पोरीला विचारा म्हणावं, ती सांगेल."

बाप्ये हसले. सगळे नाहीत, पण हसले. लुदमिलाच्या तोंडात शब्द खच्चून भरले होते आणि त्यातला एकही इंग्रजी नव्हता. तिनं मान वर केली. उघड्या दारातून मातेयचं आढं दिसत होतं, त्याच्या बुडाशी तो छोटा रंधा. त्याच्याच सावलीत उभा राहून हा माणूस तिची पोर कुठं बसायची ते ठरवत होता. ती रिकामी ढकलगाडी घेऊन घरी आली.

अनेश्काला शाळेचं वेड. वाचनाचं तिसरं पुस्तक तिनं महिन्यात संपवलं. संध्याकाळी जेवताना ती आईला इंग्रजी शब्द शिकवायची आणि आईच्या तोंडून ते वाकडेतिकडे निघाले की खिदळायची.

"पाय गार पडतात का गं तिथं?" लुदमिला विचारायची.

"नाही. मी हलवते ना."

पोर खोटं बोलत होती. खरं सांगितलं तर आई शाळा बंद करेल, एवढंच तिला भ्याव. दाराखालून बोटभर फट होती आणि उत्तरेचा वारा फटीतून थेट पोरीच्या पायांवर यायचा. मास्तरीण लव्हिनाबाई अठरा वर्षांची. तिनं एकदा पोरीला चुलीपाशी बोलावलं, तर नेमका प्रुइट तपासणीला आला आणि त्यानं वर्गातच मास्तरणीची खरडपट्टी काढली. तिची नोकरी त्याच्या हातात. पुन्हा तिनं बोलावलं नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला तीन दिवस हिमवादळ घोंगावलं. चौथ्या दिवशी शाळा भरली. पाचव्या दिवशी सकाळी अनेश्काला बूट चढेना. लुदमिलानं मोजा सोलला तर डाव्या पायाची धाकटी दोन बोटं पांढरीफटक, मेणासारखी. तिकडं सगळे करत तेच तिनं केलं. बाहेरून बर्फ आणला आणि बोटं चोळली, पोर ओरडेपर्यंत चोळली. पोर ओरडली ती बोटांच्या वरचा भाग दुखला म्हणून, बोटांना काही कळतच नव्हतं. आठवड्यात बोटं काळी पडली, वास यायला लागला. डॉक्टर चाळीस मैलांवर आणि वाटेवर पुरुषभर बर्फ.

शेजारीण हुल्दा आली. ही स्वीडनची, थोराड हाडाची. नवरा हिवाळ्यात रेल्वेच्या कामावर, घरी ती आणि तिची बैलजोडी. तिनं पाय उजेडाकडं धरून पाहिला.

"काढावी लागतील," ती म्हणाली. "आजच."

लुदमिलानं मातेयची पेटी उघडली. सगळ्यांत अरुंद पटाशी काढली, दगडावर पाजळली, उकळत्या पाण्यात धरली. हुल्दानं पोरीला कवेत घट्ट आवळलं. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं, सगळं लख्ख दिसत होतं. लाकडी ठोकळ्यावर पाय, पटाशीवर मोगरी, दोन घाव. दुसऱ्या घावाआधी लुदमिलाचा हात थांबला, तेव्हा अनेश्काच दातओठ खात म्हणाली, "आई, कर ना लवकर."

ती बोटं लुदमिलानं मातेयच्या थडग्यापाशी बर्फात पुरली. जमीन दगड झालेली, खड्डा होईना. तिथं ती रडली नाही. तिनं मनाशी एकच धरलं, प्रुइटचे पाय दाराच्या त्याच बाकाखाली दिसले पाहिजेत.

तरी तिनं आधी सरळ वाट धरली. नाताळनंतरच्या रविवारी शाळेतच प्रार्थना होती. प्रार्थना सुटल्यावर ती पुढं गेली आणि सगळ्यांपुढं म्हणाली, "प्रुइटसाहेब, तुम्ही सांगा. चूक तुमची. एवढंच सांगा."

प्रुइटची मान ताठ झाली. "वाईट झालं, यारोशबाई. माझ्या बायकोनं हंसाची चरबी पाठवलीय, ती लावा. पण चूक कसली? नियम सगळ्यांपुढं वाचला होता. पोरीला नीट पायताण घालणं आईचं काम. आता मी चूक म्हणालो तर ज्याला त्याला सर्दी झाली की कारभाऱ्याच्या दारात."

सर्दी म्हणाला तो. लुदमिलानं चरबीची बरणी दाराच्या बाकावर ठेवली आणि निघाली.

वाटेत हुल्दा म्हणाली, "थोबाडीत तरी मारायचीस एक."

"तुझी जोडी शनिवारी मोकळी आहे?"

"बर्फात कुठं लग्नाला जायचीय? का?"

"आढं आणायचंय माझं."

हुल्दा जागीच थांबली. "अगं, शाळेचं छप्पर येईल खाली!"

"येऊ दे."

"आणि तुझी पोर कुठं शिकणार? ती तर लंगडत निघालीय सोमवारपासून."

"माझ्या घरात. दुसरी खोली उभी आहे. तिला फक्त आढं पाहिजे."

हुल्दानं तिच्याकडं नीट बघितलं. "तू हे आज नाही ठरवलंस," ती म्हणाली. "बाई गं, तुझ्याशी वाकडं घ्यायला नको."

शनिवारी उजाडताच दोघी शाळेवर गेल्या. छपरावरच्या ढेपा गोठून लोखंड झालेल्या. कुदळ मारली की ठिणगी उडावी आणि हातभर कपचा निघावा. दोघी गुडघ्यांवर बसून फोडत होत्या, ढेपा खाली लोटत होत्या. घामानं आतले कपडे ओले, आणि जरा थांबलं की तेच अंगावर कडक व्हायचे. ढेपांखाली वाळलं गवत, त्याखाली विलोच्या फांद्या. दुपारपर्यंत अर्धं छप्पर खाली आलं आणि बाकांच्या जागी, चुलीच्या जागी वर आभाळ दिसायला लागलं. चूल, बाकं, पुस्तकं लुदमिलानं आधीच बाहेर काढून नीट झाकून ठेवली होती. ती शाळेची. तिला तिचं तेवढंच पाहिजे होतं.

आढ्याचं बूड भिंतीत पक्कं बसलेलं. तिनं तीच अरुंद पटाशी काढली आणि भोवतालची माती टोकरायला लागली. तेवढ्यात प्रुइट घोड्यावरून आला. मागून आणखी दोघंतिघं.

"यारोशबाई! खाली उतरा! शाळेचं छप्पर आहे ते!"

"छप्पर तुमचं," लुदमिला वरूनच म्हणाली. "सगळं खाली टाकलंय. मोजून घ्या."

"वेड लागलंय का तुम्हाला? पोरं कुठं बसतील?"

"दाराच्या बाकावर."

हुल्दाला हसू आवरेना. प्रुइट लालबुंद झाला, पुढं येऊन त्यानं बैलांची साखळी धरली. हुल्दाचं हसू गेलं. "बैल माझे आहेत, कारभारी. सोडा ती. हा पांढरा लाथ झाडताना हुद्दा बघत नाही."

"हे लाकूड शाळेचं आहे," प्रुइट मागच्या लोकांना म्हणाला. "सांगा हिला."

मग म्हातारा लेमुएल, ज्याची दोन नातवंडं शाळेत होती, घसा खाकरून म्हणाला, "उसनं होतं ते, एलायस. तूच मागितलंस. मी होतो की तिथं. तो बघ त्याचा रंधा."

प्रुइटनं साखळी सोडली. आढं सुटलं तेव्हा उरलेलं छप्पर भसकन आत बसलं आणि मातीचा लोट दारातून बाहेर आला. बैलांनी लाकूड ओढत नेलं आणि बर्फात त्याची एक सरळ रेघ शाळेपासून यारोशच्या घरापर्यंत उमटली.

आता प्रुइटची पंचाईत अशी. जिल्ह्याचा कायदा होता, वर्षात साठ दिवस शाळा भरलीच पाहिजे. नाही भरली तर शाळा मोडायची आणि पोरांनी सात मैलांवरच्या दुसऱ्या शाळेत जायचं. सत्तेचाळीस दिवस झाले होते. घळीची वाट मार्चशिवाय उघडणार नव्हती. प्रुइटचं स्वतःचं घर म्हणजे दरडीत खोदलेली एक खोली, तीत घरची आठ माणसं. बाकीच्यांची घरंही तशीच, एका खोलीची. तरी त्यानं सोमवारी तिथं शाळा भरवली. अकरा पोरं एकमेकांच्या मांडीवर, धूर कोंडलेला. दुपारी दोघांना ओकाऱ्या झाल्या आणि बायकोनं शाळा घराबाहेर काढली. ज्या शाळेला लोक त्याचं नाव घेऊन हाक मारत, ती त्याच्या डोळ्यांदेखत मोडायला निघाली होती.

तोवर इकडं दोघींनी दुसऱ्या खोलीवर आढं चढवलं, वर फांद्या, गवत, ढेपा घातल्या. मातेयनं भिंती मापून बांधल्या होत्या. लाकूड तसूभरही कमीजास्त झालं नाही. लुदमिलानं त्यावर तळहात ठेवला आणि मनात म्हणाली, आलं बघ तुझं घरी.

गुरुवारी प्रुइट आला, लव्हिनाबाईला घेऊन. टोपी हातात.

"तेरा दिवसांचा प्रश्न आहे, यारोशबाई. तुमची खोली मोठी आहे."

लुदमिलानं हे उत्तर अनेश्काकडून इंग्रजीत घोकून घेतलं होतं, एक शब्द न अडखळता बोलता येईपर्यंत. "शाळा भरू दे. प्रत्येकानं आपापली गाडी इकडं आणायची. आणि तुम्ही एक दिवस बसायचं. दाराच्या बाकावर. बूट काढून. नऊ ते चार."

प्रुइट हसला. कुणी हसत नाही म्हटल्यावर थांबला. "अहो बाई, माझं वय त्रेपन्न."

"माझ्या पोरीचं नऊ."

"मी इथला कारभारी आहे. पोरांपुढं?"

"माझी पोर पोरांपुढंच बसली."

तो तडक निघून गेला. शुक्रवारी आला नाही, शनिवारी आला नाही. रविवारी लेमुएल सांगत आला, "सोमवारी बसतो म्हणतोय."

सोमवारी पहाटेपासून उत्तरेचा वारा होता. लुदमिला लवकर उठली. नव्या दाराखाली तिनं चिंध्यांचा बोळा कोंबून ठेवलेला होता. तो तिनं काढला आणि चुलीत घातला. जुन्या शाळेतलं दाराचं बाक तिनं बरोबर त्या फटीसमोर मांडलं.

पोरं आली, चुलीभोवती बसली. प्रुइट सगळ्यांत शेवटी आला. कुणाकडं न बघता बाकावर बसला, वाकून बूट काढले, भिंतीशी नीट जोडून ठेवले. करड्या रंगाचे मोजे, एका टाचेला रफू. पोरं आधी खुसखुसली. मग लव्हिनाबाईनं हजेरी घेतली आणि चुलीपाशी बसलेली अनेश्का "हजर" म्हणाली. पाय तिनं समोर पसरला होता, गुंडाळलेला. पोरांचं खुसखुसणं बंद पडलं.

लुदमिला चुलीच्या दुसऱ्या बाजूला विणत बसली. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटत होतं. टाका घालायची आणि प्रुइटच्या पायांकडं बघायची. दहाच्या सुमारास त्यानं एक पाय दुसऱ्यावर घासला. अकराला दोन्ही पाय बाकाखाली ओढले. मग तो बोटं हलवायला लागला, मोज्याच्या आत, थोडी थोडी. मी हलवते ना, पोर म्हणाली होती. लुदमिलाचा एक टाका चुकला तरी तिनं उसवला नाही.

बारा वाजता पोरांनी डबे उघडले. कोरा आपली भाकरी घेऊन बापाकडं निघाली, त्यानं मानेनंच तिला परत बसवलं. पोर रडत खायला लागली. प्रुइटच्या ओठांवर निळसर झाक आली होती. भिंतीवर, त्याच्या डोक्याच्या थेट वर, आढ्यावरचा रंधा होता. त्यानं एकदा वर बघितलं आणि नंतर बघितलं नाही.

साडेबाराला त्यानं हात वर केला. पोरं करतात तसा, एक बोट काढून. लव्हिनाबाई गोंधळली.

"काय... काय आहे, प्रुइटसाहेब?"

"बाई," तो म्हणाला, आणि आवाज कापरा होता, "जरा वेळ चुलीपाशी येऊ का?"

लव्हिनाबाईनं लुदमिलाकडं पाहिलं. पोरांनी पाहिलं. याच घटकेसाठी ती महिनाभर जगली होती, आणि आता ती आली तर सुया तिच्या हातात नुसत्याच होत्या. "या" हा शब्द तिला इंग्रजीत येत होता. पोरीनं शिकवलेल्या पहिल्या दहा शब्दांतला होता तो.

ती तोंड उघडणार तोच अनेश्का बोलली. स्वच्छ, शुद्ध इंग्रजीत, त्या माणसाच्या तोंडाकडं बघून.

"त्यांची गाडी आली का?"

"आमची आलीय!" कोरा रडत म्हणाली. "मी बघितलीय, बाहेर आहे!"

"ती तुझी. ते स्वतः बसलेत, त्यांची कुठाय?" अनेश्का म्हणाली. "आज ह्यांना सोडलं तर उद्या सगळेच येतील. नियम म्हणजे नियम."

बोलली पोर, पण सूर प्रुइटचा होता, अगदी तसाच, त्या शांतपणासकट. तो सूर ती कुठं शिकली ते लुदमिलाला कळलं. दाराच्या बाकावर शिकली होती. आणि कुणी तिला आता चुलीपाशी कितीही बसवलं तरी तो तिच्यातून जाणार नव्हता. लुदमिलानं पोरीकडं बघितलं. पोर तिच्याकडंच बघत होती, आई आता खूश होणार म्हणून.

लुदमिलानं वाकून चुलीत दोन शेण्या घातल्या आणि सुया पुन्हा हातात घेतल्या. तिनं पोरीला काही म्हटलं नाही, आणि त्याला या म्हटलं नाही.

प्रुइटनं हात खाली घेतला. चार वाजायला अजून साडेतीन तास होते.